चौकोनाची जागा

पुण्यात आता क्यूआर कोड दिसला की हात आपोआप पैशांच्या ॲपकडे जातो. चहाची टपरी, भाजीची गाडी, देवळातली दानपेटी, सगळीकडे तोच काळा-पांढरा चौकोन. मग दुपारच्या उन्हात एखाद्या जुन्या वास्तूच्या फलकावरचा कोडही मंडळी त्याच ॲपनं टिपतात, ॲप नकार देतं आणि घोळका पुढे सरकतो. पैशांच्या कोडात यूपीआयचा पत्ता असतो, फलकावरच्या कोडात संकेतस्थळाचा. वरून बघून कोणाला कळणार? खाली ‘माहितीसाठी, फोनच्या कॅमेऱ्यानं बघा’ एवढं छापलं की भागतं. नुसता कोड लावून खाली एक ओळही न लिहिणं हा मला शुद्ध उद्धटपणा वाटतो. पाट्यांच्या गावात तरी हे होऊ नये.

शाळेच्या सहलीत हेच फलक वहीत उतरवून घ्यायचे असत. पुढच्याच्या डोक्याआडून अर्धी ओळ दिसायची, सनावळ्या चुकायच्या, पेन्सिलीचं टोक मोडायचं आणि बाई शिट्टी वाजवायच्या. निदान फलक सगळ्यांना एकदम दिसायचा. कोडापुढे एका वेळी दोघं-तिघंच मावतात.

मुळात हा चौकोन उन्हापावसासाठी जन्मलेलाच नाही. 1994 साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि सहकाऱ्यांनी तो मोटारींच्या सुट्या भागांसाठी केला. छपराखालचा कारखाना, हातभर अंतरावर स्कॅनर. तीन कोपऱ्यांतले ते मोठे चौकोन मधोमध कसेही कापा, काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण 1:1:3:1:1 च येतं. त्यावरून फोनला कोड कुठे आहे आणि किती कललाय ते कळतं. भोवतीची कोरी जागाही कोडाचाच भाग आहे. रांगोळीला अंगण लागतं तशी. चारी बाजूंनी चार घरं, म्हणजे कोडातल्या बारक्या चौकोनांएवढी जागा, पांढरी सोडायची असतात. सजावट करणारे नेमकी तिथे महिरप काढतात.

मापाचा हिशेब सोपा आहे: माणूस जेवढ्या लांब उभा राहणार, त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा कोड. काचेच्या कपाटापाशी 40 सेंटीमीटरवरून बघायचं तर 4 सेंटीमीटर पुरे. कठड्याबाहेरून दोन मीटरवरून बघायचं तर 20 सेंटीमीटर हवा. पण हे कोड विरळ असेल तरच. पत्ता लांबला की घरं वाढतात आणि बारीक होतात. इथे आपल्या लिपीची गंमत होते. पत्त्यात ‘शनिवारवाडा’ देवनागरीत घातलं की काने-वेलांट्या धरून 10 चिन्हं, प्रत्येकाचे 3 बाइट, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहिला जाऊन 90 अक्षरं होतात. सगळा पत्ता 26 अक्षरांत बसला, तर 15 टक्के दुरुस्ती (म्हणजे कोडाचा तेवढा भाग बिघडला तरी तो वाचता येणं) धरूनही 25 बाय 25 घरांत काम होतं; त्या 90 अक्षरांनाच 41 बाय 41 लागतात. म्हणून पत्ता आखूड आणि रोमन लिपीत ठेवावा, मराठी पानावर भरभरून असू द्यावं.

उघड्यावर लावायच्या कोडाला दुरुस्तीची पातळी 25 टक्क्यांची घ्यावी. नंतर मधोमध बोधचिन्ह चिकटवलं की त्यातला बराच हिस्सा तिथेच खर्च होतो, उरलेला पहिल्या पावसाळ्यातल्या डागांना पुरत नाही. लॅमिनेशन मॅटच हवं. चकचकीत असेल तर फोनमध्ये आपलंच तोंड आणि मागचं आभाळ दिसतं. कागद लॅमिनेट केला आणि कडा कापल्या की जुलैत तिथूनच पाणी शिरतं. स्टीलवर कोरलेला कोड भारदस्त दिसतो खरा, पण काळं-पांढरं असं वेगळं उरत नाही. आणि दगडाला गोंद लावायचा नाही, स्वतंत्र स्टँड उभा करायचा, हे सांगावं लागू नये.

सगळ्यात केविलवाणा प्रकार वर्गणीच्या नूतनीकरणाचा. कोड थेट आपल्या पानावर न नेता भाड्याच्या सेवेवरून वळवलेला असतो, वर्षाची वर्गणी संपते आणि मजबूत फलक जागच्या जागी मुका होतो. वळवायचाच तर स्वतःच्या पत्त्यावरून वळवावा. देखरेख करणाऱ्यानं अधूनमधून नख लावून पाहावं, वर कोणी दुसरा स्टिकर तर चिकटवला नाही ना. पाताळेश्वर लेण्यात कोड बाहेर, गोल नंदीमंडपाच्या अलीकडे असावा. आत कातळ आहे, रेंज जाते.

पण जागा निवडताना खरा निकष वेगळा लावावा: जिथे बघायला फारसं उरलं नाही, तिथे कोड हवा. शनिवारवाड्यात 1828 च्या आगीनंतर आत जोतीच राहिली. या जोत्यावर काय होतं, किती मजले होते, हे हिरवळीकडे बघून कसं कळणार? तिथे कोड सोनं आहे. केळकर संग्रहालयातल्या अडकित्त्यापुढे मात्र तो मला आगाऊ वाटतो. अडकित्ता समोर आहे, त्याची मूठ बघायची सोडून माणूस खाली फोनमध्ये अडकित्त्याचाच फोटो मोठा करून बघतो.

आगाखान पॅलेसच्या आवारात गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांची आणि कस्तुरबांची समाधी आहे. एक गेले 15 ऑगस्ट 1942 ला, दुसऱ्या 22 फेब्रुवारी 1944 ला, दोघंही कैदेत. तिथे कोड लावूच नये. निविदेत नगांची संख्या भरायचीच असेल तर तो पार्किंगला लावावा. निदान तिथे पैसे पाठवायला निघालेल्यांची निराशा होणार नाही.