लॅपटॉप नाही? मग टर्मक्स टाका

प्रोग्रामिंग शिकायचंय पण लॅपटॉप नाही, असं कुणी म्हटलं की मी त्याच्या अँड्रॉइड फोनमध्ये टर्मक्स टाकून देते: फोनवर लिनक्ससारखी कमांड लाइन देणारं ॲप. अँड्रॉइडचं कर्नल (सिस्टिमचा गाभा) लिनक्सचंच, पण सी लायब्ररी (जिच्यामार्फत प्रोग्राम सिस्टिमशी बोलतात) वेगळी: बायॉनिक. उबुंटूत, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या एका लिनक्समध्ये, असते ग्लिबसी. त्यामुळे उबुंटूचं पॅकेज (तयार प्रोग्राम) उचलून थेट इथे चालत नाही. टर्मक्सची मंडळी एकेक पॅकेज अँड्रॉइडसाठी नव्याने कंपाइल करतात आणि ॲपच्या स्वतःच्या फोल्डरात बसवतात, म्हणून फोन रूट करावा (सिस्टिमचा पूर्ण ताबा घ्यावा) लागत नाही. केवढं मोठं काम आहे हे!

'पीकेजी इन्स्टॉल पायथन' लिहायचं, एंटर मारायचं. आत एपीटीच राबतं, उबुंटूतलंच पॅकेज बसवणारं साधन. पाठोपाठ गिट (कोडमधले बदल नोंदवायला), क्लँग (सी कंपाइलर), व्हिम (एडिटर).

ॲप एफ-ड्रॉइडवरून, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या ॲप स्टोअरवरून, घ्या. अँड्रॉइड १० पासून नव्या एपीआय पातळीच्या (ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवलंय तो आकडा) ॲपना आपल्या डेटा फोल्डरातली फाइल थेट चालवता येत नाही. म्हणून तिथलं टर्मक्स मुद्दाम जुन्या २८ या पातळीवर थांबलंय. माझ्या मते योग्यच केलं.

आणि प्रोजेक्ट टर्मक्सच्या होम फोल्डरातच ठेवा, डाउनलोड्समध्ये नको. डाउनलोड्स असतं त्या शेअर्ड स्टोरेजवर सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) बनत नाही, आणि जावास्क्रिप्टची पॅकेजं बसवणारं एनपीएम तिथेच अडतं.