खाली ठेवलेला फिंजान

सौदीतल्या अल-अहसामध्ये मी नऊ वर्षं सर्व्हेअर आहे. इथे टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचं यंत्र, उजाडताच लावायचं आणि ऊन चढायच्या आत उरकायचं, नाहीतर जमिनीवरची हवा थरथरते आणि नेम धरायला लांब उभा केलेला काचेचा प्रिझम दुर्बिणीत नाचायला लागतो.

गेल्या एप्रिलमध्ये एका खजुरीच्या बागेतून सांडपाण्याच्या लाइनची आखणी होती. ड्रॉइंगवर लाइन सरळसोट. उपग्रहाच्या चित्रावर पट्टी ठेवून ओढलेली. ऑफिसात बसणाऱ्यांना झाड म्हणजे हिरवा ठिपका. खुंट्या मारत गेलो तेव्हा कळलं की लाइनीत 14 फळती झाडं येतात, सगळी खलास जातीची. या मरूद्यानात 25 लाखांच्या आसपास खजुरी आहेत, 2018 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. पण त्या म्हाताऱ्या मालकाला स्वतःचं झाड न् झाड ठाऊक होतं. त्याची संमती काढायला मलाच पाठवलं, कारण मोडकीतोडकी अरबी मला येते.

मजलिसमध्ये, म्हणजे त्याच्या बैठकीत, आधी खजूर आले. मग मुलगा उभ्यानेच गहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतू लागला: दल्ला, म्हणजे कॉफीची किटली, डाव्या हातात, फिंजान उजव्या. फिंजान म्हणजे बिनकानाची इवलीशी वाटी, तीही जेमतेम पाव भरायची. काठोकाठ भरली तर 'पी आणि निघ' असा अर्थ होतो. कॉफी हलकीच भाजलेली, पिवळसर, वेलचीच्या वासाची, बिनसाखरेची, गोडी खजुराची. पुरे झालं की फिंजान हलवून परत द्यायचा, नाहीतर ओतणारा ओततच राहतो. हे सगळं मला माहीत होतं.

पण ड्रॉइंगची गुंडाळी उघडायला दोन्ही हात लागतात. म्हणून मी भरलेला फिंजान, तोंडही न लावता, समोर सतरंजीवर ठेवला.

बोलणं थांबलं. मुलगा दल्ला घेऊन जागच्या जागी उभा. म्हाताऱ्याने विचारलं, "बाळा, काय मागणं आहे तुझं?"

मी म्हटलं, "या अम्मी, काका, लाइन इथून जाते. 14 झाडं काढावी लागतील."

तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. त्याला नकाशा वाचता येत नव्हता, तरी पाहत राहिला. मग म्हणाला, "इश्रब गहवतक." तुझी कॉफी पी. मला वाटलं आग्रह करतोय. प्यायलो.

गाडीत बसल्यावर आमचा ड्रायव्हर, तो बदूंपैकीच, वाळवंटातल्या टोळीवाल्यांतला, म्हणाला, "तू काय केलंस कळतंय का?" पाहुण्याने न पिता फिंजान खाली ठेवला तर तो काहीतरी मागायला आलाय. यजमानाने 'पी' म्हटलं की मागणं मान्य. मग शब्द फिरत नाही. भांडणं मिटवायला, मुलगी मागायला माणसं असाच फिंजान खाली ठेवतात. मी ठेवला होता तो कागद उघडायला.

रात्री झोप लागली नाही. पहाटे एकटाच जाऊन पुन्हा लेव्हल घेतल्या, म्हणजे जमिनीची उंची मोजली. लाइन पाण्याच्या पाटाच्या कडेने वळवली तर फक्त 5 झाडं जात होती. अशी लाइन उतारावर वाहते, दोन मॅनहोलच्या मध्ये ती वाकवता येत नाही. म्हणजे दोन मॅनहोल जास्तीचे. उतार बसत होता. मी तीनदा तपासला.

ऑफिसचं उत्तर: संमती मिळालीय ना, मग खर्च कशाला? या वाक्याचा राग मला अजून येतो. आठ दिवस भांडलो. नवी लाइन मंजूर झाली.

मला म्हाताऱ्याला खरं सांगायचं होतं. ड्रायव्हरने हात धरला. "त्याने चार माणसांत शब्द दिलाय. तो चुकून दिला गेला म्हणालास तर त्याच्याकडे काय उरलं?" तो बरोबर असेल. पण ती 5 झाडं माझ्या अज्ञानावर गेली की त्याच्या शब्दावर, हे मला ठरवता येत नाही. आणि मी गप्प राहिलो तो त्याच्या मानासाठी, की माझी चूक झाकायला?

मॅनहोलच्या झाकणाची लेव्हल तपासायला गेलो तेव्हा त्याने आत बोलावलं. ड्रॉइंग गाडीतच ठेवलं. फिंजान हातात धरूनच तीनदा गहवा प्यायलो. तो वाचलेल्या झाडांपैकी एकाबद्दल बोलत होता, वडिलांनी लावलेलं. मी ऐकत होतो. मग फिंजान हलवून परत दिला.