टेबलावरची थाप

मुलाखतींचं ध्वनिमुद्रण ऐकून ते शब्दांत उतरवणं हे माझं काम. रोजचे पाच-सहा तास त्यात जातात. जुना लॅपटॉप थकला तेव्हा त्यातली एसएसडी काढून मी नव्या लॅपटॉपमध्ये बसवली. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची ही सोय मला मनापासून आवडते. हार्डवेअर चालवणारे बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याबरोबरच, येतात, त्यामुळे डिस्क दुसऱ्या यंत्रात घातली तरी तिथलं हार्डवेअर ओळखून ती मुकाट्यानं कामाला लागते. तशी ती लागलीही. पडदा, वायफाय, टचपॅड सगळं पहिल्याच बूटला चाललं. आवाजाच्या सेटिंगमध्ये मात्र एकच नाव होतं: ‘डमी आउटपुट’.

खरं साउंड कार्ड हाती लागलं नाही की ध्वनी सर्व्हर, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांचा आवाज कार्डापर्यंत नेणारा प्रोग्रॅम, हे नकली कार्ड उभं करतो, म्हणजे आवाज वाजवू पाहणारे प्रोग्रॅम अडकून पडत नाहीत. फाइल लावली की वेळ पुढे सरकते, आवाजाची पट्टी वरखाली होते, कानावर काहीच पडत नाही. दोन मुलाखती आठवड्याच्या आत द्यायच्या होत्या. पोटात गोळा आला.

पुढचे दोन दिवस मी चुकीच्या जागी खणत बसले. त्याला कारण जुनी सवय. पल्सऑडिओ हे ध्वनी सर्व्हरचं सॉफ्टवेअर लिनक्सच्या वितरणांमध्ये (तयार संचांमध्ये) नवं नवं आलं होतं तेव्हा आवाज गेला की ते बंद करून पुन्हा सुरू करायचं, होम फोल्डरमधल्या त्याच्या फाइली उडवायच्या, आणि बऱ्याचदा तेवढ्यानं भागायचं. आता त्याची जागा पाइपवायरनं घेतली आहे. फेडोरा या वितरणानं २०२१ मध्ये ३४व्या आवृत्तीपासून तेच ठेवलं, मग इतरही त्या वाटेनं गेले. मी पाइपवायर काढून पुन्हा टाकलं, त्याच्या जोडण्या सांभाळणारं वायरप्लंबर पुन्हा सुरू केलं, सगळ्या कॉन्फिग फाइली बाजूला सारल्या, एकदा तर पल्सऑडिओ परत आणून पाहिलं. डमी आउटपुट जागचं हललं नाही.

दुसऱ्या रात्री मामेभावाला फोन केला. मी काय काय केलं ते त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ताई, पाइपवायर राहू दे बाजूला. कर्नलला कार्ड दिसतंय का, ते बघितलंस का?”

नव्हतं बघितलं. लिनक्समधला आवाज मजल्यामजल्यानं वर येतो. तळाला चिप, तिच्यावर कर्नलमधल्या अल्सा या ध्वनी यंत्रणेचा ड्रायव्हर, त्याच्यावर पाइपवायर, आणि सगळ्यात वर आपण पाहतो ती सेटिंगची खिडकी. अल्सा काही नवा नाही. डिसेंबर २००३ मध्ये २.६ कर्नल आला तेव्हापासून ओएसएस या जुन्या यंत्रणेची जागा त्यानं घेतली आहे. अल्सालाच कार्ड मिळालं नसेल तर वरचा मजला कितीही वेळा झाडला तरी फरक पडणार नाही. टर्मिनलमध्ये ‘एप्ले -एल’ दिलं की अल्साला दिसणारी कार्डं समोर येतात. माझ्याकडे उत्तर आलं, एकही साउंड कार्ड सापडलं नाही. दोन दिवसांत पहिल्यांदाच मला काहीतरी खरं कळलं होतं.

मग ‘एलएसपीसीआय -के’. ही आज्ञा यंत्रातली उपकरणं आणि त्यांना चिकटलेले ड्रायव्हर दाखवते. तिथे ऑडिओ कंट्रोलर होता, आणि त्याच्याखाली ‘वापरात असलेला ड्रायव्हर: सोफ-ऑडिओ-पीसीआय-इंटेल-टीजीएल’ अशी स्पष्ट ओळही होती. ड्रायव्हर वापरात आहे आणि कार्ड नाही, हे कसं? इथे मी चांगला तासभर गोंधळले. नंतर समजलं की हा ड्रायव्हर आधी उपकरणाला जाऊन चिकटतो आणि खरी जुळवाजुळव मागाहून करतो. ती जुळवाजुळव फसली तरी चिकटलेलं नाव तसंच राहतं. म्हणून एलएसपीसीआयच्या त्या ओळीवर विसंबून आवाज ठीक आहे असं कुणीही समजू नये, हे मला कळकळीनं सांगावंसं वाटतं.

खरी हकीकत ‘डीमेसेज’मध्ये होती, म्हणजे कर्नलच्या स्वतःच्या नोंदींमध्ये. त्यातून ‘सोफ’ हा शब्द असलेल्या ओळी वेगळ्या काढल्या. ‘इंटेल/सोफ/सोफ-टीजीएल.आरआय’ ही फर्मवेअरची, म्हणजे चिपमध्ये भरायच्या प्रोग्रॅमची, फाइल वाचता आली नाही, त्रुटी उणे २. उणे २ म्हणजे अशी फाइलच अस्तित्वात नाही. त्याच्या पुढच्याच ओळीत कार्डाची जुळवाजुळव तिथेच थांबल्याची नोंद. इतकं सरळ लिहिलेलं होतं, आणि ते पहिल्या बूटपासून तिथेच होतं.

जुन्या लॅपटॉपला ही फाइल कधी लागलीच नव्हती. २००४ साली आलेल्या हाय डेफिनिशन ऑडिओच्या पद्धतीत कंट्रोलर आणि कोडेक (अंकांचा आवाज आणि आवाजाचे अंक करणारी चिप) एकमेकांशी थेट बोलतात, आणि ‘एसएनडी-एचडीए-इंटेल’ हा ड्रायव्हर त्यांना पुरतो. नव्या लॅपटॉपांत मध्ये एक डीएसपी असतो, आवाजापुरता वेगळा छोटा प्रोसेसर. झाकणातले डिजिटल मायक्रोफोन बहुधा त्यालाच जोडलेले असतात. असे मायक्रोफोन दिसले की कर्नल जुना ड्रायव्हर बाजूला ठेवून सोफकडे, म्हणजे साउंड ओपन फर्मवेअरकडे, काम सोपवतो. इंटेलनं २०१८ मध्ये हा प्रकल्प खुला केला. डीएसपी मात्र दर बूटला कोरा असतो. त्याचा प्रोग्रॅम डिस्कवरून त्याच्यात भरावा लागतो. माझी डिस्क ज्या यंत्रात वाढली तिथे डीएसपीचा प्रश्नच नव्हता, आणि शिफारस केलेली जास्तीची पॅकेजेस मी कधीच घेत नसे. मग फाइल येणार कुठून?

याच टप्प्यावर एक सोपा सल्ला सगळीकडे भेटतो, मलाही भेटला: ‘एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी’ या मॉड्यूलला (कर्नलच्या सुट्या भागाला) ‘डीएसपी_ड्रायव्हर=१’ हा पर्याय द्या. असे पर्याय लिहायच्या मॉडप्रोब.डी फोल्डरमध्ये तेवढी एक ओळ टाकून रीबूट केलं आणि आवाज आला! त्या क्षणी मी अक्षरशः उठून उभी राहिले. पण १ म्हणजे डीएसपीला वगळून जुन्या ड्रायव्हरकडे परत जाणं. डिजिटल मायक्रोफोन डीएसपीला जोडलेले, त्यामुळे आवाज आला आणि माइक गायब झाला. ज्याला फक्त ऐकायचं आहे त्याचं यावर भागेल. मला व्हिडिओ कॉलवर लोकांशी बोलावं लागतं. ती ओळ काढली आणि फर्मवेअरचं पॅकेज घातलं. डेबियनमध्ये त्याचं नाव ‘फर्मवेअर-सोफ-साइन्ड’, फेडोरात ‘अल्सा-सोफ-फर्मवेअर’, आर्चमध्ये ‘सोफ-फर्मवेअर’. डेबियन १२च्या आधीच्या डेबियनमध्ये असं फर्मवेअर मुळात अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसायचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये संपलेल्या डेबियनच्या विकसकांच्या मतदानानंतर ते बदललं. रीबूट केल्यावर स्पीकर, हेडफोन, माइक, एचडीएमआय सगळी नावं आली. मी त्या रात्री निवांत झोपले.

पण प्रकरण इथे संपलं नव्हतं, आणि दुसरा भाग मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. कारण आवाज नसला की माणूस शोधायला लागतो. आवाज थोडा कमी-जास्त असला की तो चालवून घेतो.

त्या आठवड्यातल्या एका मुलाखतीत बोलणारे गृहस्थ प्रत्येक महत्त्वाच्या वाक्याच्या शेवटी टेबलावर तळहात आपटत. हेडफोनमधून ती थाप घुमायची. स्पीकरवर लावलं तर तिथे नुसतं ‘टिक’. त्यांचा भरदार आवाजही डब्यातून आल्यासारखा पातळ. लिनक्सवर लॅपटॉपचा आवाज पातळच येतो, असं म्हणणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, मीही तेच मानून इक्वलायझर बसवला. खालच्या पट्ट्या वर नेल्या तर थाप आली नाहीच, उलट स्पीकर फाटल्यासारखे वाजायला लागले. मग लॅपटॉपच्या माहितीपत्रकात पाहिलं. त्यात स्पीकर ४ लिहिले होते. ‘स्पीकर-टेस्ट’ लावली आणि लॅपटॉपवर हात फिरवला. कीबोर्डच्या बाजूच्या जाळ्या थरथरत होत्या. तळाच्या फटींशी काहीच नव्हतं, तिथे कान लावला तरी शुकशुकाट. दोन वाजत होते, दोन मुके होते.

कोडेक चिपला पिना असतात आणि कोणत्या पिनेला काय जोडलं आहे त्याचा तक्ता यंत्राचं बायोस, म्हणजे यंत्र चालू होतानाचं मूळ सॉफ्टवेअर, भरून ठेवतं. ड्रायव्हर त्याच तक्त्यावर विश्वास ठेवतो. ‘/प्रॉक/एसाउंड/कार्ड०’ या फोल्डरमधली कोडेकची फाइल उघडली की तो वाचता येतो. माझ्याकडे १४ क्रमांकाच्या पिनेपुढे ‘स्पीकर’ होतं. १७ क्रमांकाच्या पिनेपुढे ‘४१११११एफ०’. या चिपांच्या दुनियेत हा आकडा जागोजागी भेटतो आणि त्याचा अर्थ, इथे काही जोडलेलं नाही. तळाचे दोन स्पीकर १७वर असणार असा माझा तर्क होता. विंडोजसाठी उत्पादक स्वतःचा ड्रायव्हर देतो, त्यामुळे तक्त्यातली असली चूक तिथे उघडी पडत नाही.

तर्क तपासायला ‘एचडीए-जॅक-रीटास्क’ हे छान साधन आहे. ते जुन्या ड्रायव्हरवर नीट चालतं, म्हणून मी मघाची ‘डीएसपी_ड्रायव्हर=१’ची ओळ तेवढ्यापुरती परत आणली. साधनात न जोडलेल्या पिना दाखवायला सांगितलं, १७वर खूण केली, ‘अंतर्गत स्पीकर’ निवडलं, लागू केलं. आणि तळातून आवाज आला! इतका मोठा की मी दचकले. पट्टी खाली ओढली; वरचे स्पीकर हळू झाले, खालचे तसेच गरजत राहिले.

यामागचं कारण शोधताना मला खरी मजा आली. पिनेपर्यंत आवाज पोचवतो तो डीएसी, म्हणजे अंकांचा विद्युत लहरीत बदल करणारा भाग. माझ्या कोडेकमध्ये असे अनेक डीएसी आहेत. मोकळ्या दिसणाऱ्या १७व्या पिनेला ड्रायव्हरनं ६ क्रमांकाचा डीएसी दिला होता, आणि त्या डीएसीला आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही. म्हणजे पिन जाहीर करून भागत नाही, तिला २ किंवा ३ क्रमांकाच्या डीएसीशी जोडावं लागतं.

कर्नलमध्ये हे दुरुस्तीचं काम आधीच कुणीतरी करून ठेवलेलं असतं. रिअलटेक या कंपनीच्या कोडेक चिपांसाठीच्या कोडमध्ये अशा दुरुस्त्या आणि त्या कोणत्या लॅपटॉपला लावायच्या याच्या शेकडो ओळी आहेत. लॅपटॉप ओळखायचा तो सबसिस्टिम आयडीवरून, म्हणजे उत्पादकानं त्या मॉडेलला दिलेल्या क्रमांकावरून. दुसऱ्याच एका लॅपटॉपसाठी लिहिलेली दुरुस्ती हुबेहूब माझ्या दुखण्याची होती: १७वर बेस स्पीकर, आणि त्याला आवाजाची सोय असलेला डीएसी. फक्त माझ्या यंत्राचा आयडी त्या यादीत नव्हता. अशा बहुतेक दुरुस्त्यांना नाव असतं आणि ते हातानं देता येतं. जुन्या ड्रायव्हरला ते ‘मॉडेल’ या पर्यायानं देतात. सोफमध्ये तो पर्याय वेगळ्या मॉड्यूलकडे आहे आणि त्याचं नाव ‘एचडीए_मॉडेल’. मी आधी जुन्याच जागी लिहून दोनदा रीबूट केलं आणि काहीच झालं नाही. कोणतं मॉड्यूल कोणते पर्याय घेतं ते ‘मॉडइन्फो’ सांगतं. आधी तेच विचारावं. योग्य जागी ओळ गेल्यावर चारही स्पीकर वाजले, पट्टीबरोबर वरखाली झाले, माइकही जागेवर राहिला.

हातची फाइल ठेवून मी थांबू शकले असते. पण हाच लॅपटॉप घेणाऱ्या प्रत्येकाला पातळ आवाज मिळणार, आणि त्यातले बरेच जण इक्वलायझरशी झगडत बसणार, हे मला सहन होईना. कोडेकची पूर्ण नोंद, सबसिस्टिम आयडी आणि मी काय करून पाहिलं ते सगळं नीट लिहून काढलं. मामेभावानं शेजारी बसून आयडीची ती एक ओळ कोडमध्ये कशी घालायची, बदललेला कर्नल बांधून कसा तपासायचा आणि बदल कर्नलच्या ध्वनी विभागाकडे कसा पाठवायचा ते दाखवलं. संपूर्ण बदल एका ओळीचा. कर्नल बांधायला मात्र माझी आख्खी दुपार गेली.

काही महिन्यांनी नेहमीच्या अपडेटमध्ये नवा कर्नल आला. बदलांच्या यादीत माझ्या लॅपटॉपचं नाव होतं. मॉडप्रोब.डीमधली माझी फाइल पुसली आणि रीबूट केलं. मग त्याच गृहस्थांची मुलाखत उघडली, हेडफोन काढून ठेवले आणि वाट पाहिली. त्यांचं वाक्य संपलं आणि टेबलावर थाप पडली. लॅपटॉपखालच्या लाकडातून ती माझ्या मनगटांना जाणवली.