दोन उत्तरपत्रिका

विषयनिवडीचे फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस. गणिताच्या बाई नववीतल्या एका मुलीला घेऊन समुपदेशन कक्षात आल्या. "हिला गणित सोडायचंय, तुमची सही हवी," एवढं सांगून त्या तासाला गेल्या. मुलगी खुर्चीच्या कडेला टेकली, दप्तर मांडीवरच.

विषय सोडण्यात गैर काहीच नाही. पण मूल एका विषयापासून पळतंय की दुसऱ्याच्या ओढीने जातंय, हे पाहिल्याशिवाय मी सही करत नाही. तिला विचारून तिच्या गणिताच्या आणि विज्ञानाच्या उत्तरपत्रिका मागवल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या.

गणितात पहिलंच उदाहरण अर्ध्यावर खोडलेलं, पुढची पानं कोरी. विज्ञानात मात्र ओहमच्या नियमावरचं उदाहरण: आधी सूत्र, मग रोध एका बाजूला घेऊन पदं बरोबर फिरवलेली, भागाकार चोख, शेवटी एककसुद्धा. म्हणजे समीकरण सोडवायला तिला येत होतं!

"हे कोणी सोडवलं?"

"मीच."

"मग गणितात काय होतं?"

"पेपर हातात आला की डोकं बंद पडतं."

हा आळस नव्हे, ही गणिताची धास्ती. मानसशास्त्रज्ञ मार्क अॅशक्राफ्ट यांनी यावर बरंच काम केलं आहे. उदाहरण सोडवताना मधले टप्पे आपण डोक्यात धरून ठेवतो. तिथली जागा मुळातच थोडी, आणि काळजी नेमकी तीच अडवते. अशा मुलाला जादा सराव देऊन भागत नाही, धास्ती कुठून येते ते शोधावं लागतं.

मोकळं बोलणं सुरू होण्याआधी मी सगळ्यांना सांगते ते तिलाही सांगितलं: इथलं इथेच राहील, फक्त तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल तर मला पुढे सांगावं लागेल. मग हळूहळू कळलं. रोज रात्री बाबा घड्याळ लावून गणितं सोडवून घेतात. चुकलं की वहीचं पान फाडून पुन्हा पहिल्यापासून.

"फॉर्मवर काय निवडलंस?"

"ज्यात गणित नाही ते."

मला या उत्तराचं फार वाईट वाटलं. तिच्या वर्गाची आवडींची चाचणी आधीच झाली होती, मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी कामाच्या आवडींचे जे सहा गट पाडले, त्यांवर बेतलेली. तिची उत्तरं हाताने काही घडवण्याच्या आणि शोध घेण्याच्या कामांकडे झुकलेली होती. फॉर्मवर त्यातलं काही नव्हतं. चाचणी करिअर ठरवत नाही, पण बोलायला धागा देते. अभ्यास, करिअर आणि घर अशा वेगवेगळ्या फायली शाळा ठेवते. मूल मात्र तिन्ही एकाच दप्तरात घेऊन येतं.

मुख्याध्यापकांकडून फॉर्मची मुदत वाढवून घेतली. बाबांना काय सांगायचं, काय नाही, हे तिनेच ठरवलं. दुपारी ते आले तेव्हा दोन्ही उत्तरपत्रिका त्यांच्यापुढे ठेवल्या. ते बराच वेळ पानं उलटत राहिले. "मी लक्ष दिलं नाही तर ही मागे पडेल, असं वाटायचं," म्हणाले. त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नव्हती. घड्याळ बंद करायचं आणि चुकलेलं पान वहीतच ठेवायचं, एवढं ठरलं.

बाईंनीही सहकार्य केलं. परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवायची. रामिरेझ आणि बेलॉक या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ सालच्या प्रयोगात परीक्षेची धास्ती घेणाऱ्या मुलांना याचा फायदा झाला होता. आम्ही ते संपूर्ण वर्गासाठी सुरू केलं, म्हणजे ती एकटी पडणार नाही.

अमेरिकन स्कूल काउन्सेलर असोसिएशन एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत असं म्हणते. त्याच्या कितीतरी पट मुलं एकाच माणसाकडे असली, की दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवायला वेळ उरत नाही, सही मात्र होऊन जाते.

पुढच्या चाचणीत तिचे गुण बेताचेच होते, पण एकही पान कोरं नव्हतं. गणित तिने ठेवलं. आता तिला सर्वेक्षण आणि नकाशे बनवणाऱ्या एखाद्या व्यक्तीशी बोलायचं आहे. माजी विद्यार्थ्यांत तसं कुणी आहे का, ते मी शोधते आहे.