मागचा शॉक तळाला लागतोय: स्प्रिंग बदलल्यानंतरची नोंद

गाडी २०० सीसीची, मागे २२० मिमी ट्रॅव्हल (चाक वर-खाली जाण्याचं एकूण अंतर), रायडर हेल्मेट-बूट धरून ८५ किलो. कर्जतकडे भातकापणीनंतर खाचरं वाळून कडक होतात. तिथल्या बांधावरून उडी घेतली की मागून खाडकन ठोका.

अशा वेळी बरेच जण आधी कॉम्प्रेशन (शॉक दबतानाचा अवरोध) आवळतात. ठोका थोडा कमी होतो, पण गोट्यांवर मागचं चाक थयथयायला लागतं. म्हणून सुरुवात सॅगपासून, म्हणजे वजनाने गाडीची मागची बाजू किती खाली बसते त्यापासून.

चाक हवेत असताना ॲक्सलपासून फेंडरवरच्या खुणेपर्यंतचं अंतर घेतलं, मग गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून, मग रायडर बसवून. फ्री सॅग (नुसत्या गाडीचा) २८ मिमी, रायडर सॅग (रायडर बसल्यावरचा) ८६. रायडर सॅग ट्रॅव्हलच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, म्हणजे ७०च्या आसपास हवा. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवून रायडर सॅग ७० केला, तर फ्री सॅग १२वर आला. निदान इथेच होतं: रायडर सॅग बरोबर आणि फ्री सॅग इतका कमी, म्हणजे स्प्रिंग मऊ. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, गाडीची मागची बाजू फक्त वर येते.

६५ न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग काढून ७५ची बसवली. आता फ्री २२, रायडर ७२. कडक स्प्रिंग जोरात उसळते, म्हणून रिबाउंड (शॉक परत उघडतानाचा अवरोध) दोन क्लिक आवळला. त्याहून जास्त नको. रिबाउंड फार मंद झाला तर सलग उंचवट्यांवर शॉक पूर्ण उघडायच्या आत पुढचा धक्का येतो, शॉक दर वेळी आणखी खाली बसतो आणि चौथ्या-पाचव्या उंचवट्याला तळ गाठतो. तेव्हा कॉम्प्रेशनला हात न लावता रिबाउंड सोडायचा. पहिल्याच उडीला ठोका बसत असेल तरच स्प्रिंग आणि कॉम्प्रेशनकडे बघायचं.

कॉम्प्रेशन सर्वांत शेवटी, शॉक गरम असताना, दोन-दोन क्लिक. हाय-स्पीडचा वेगळा ॲडजस्टर असेल तर पाव-पाव फेरा. इथे स्पीड म्हणजे शाफ्टचा (शॉकच्या दांड्याचा) वेग, गाडीचा नव्हे. शाफ्टला ग्रीसचा पातळ हात फिरवला की स्ट्रोक कुठवर गेला ते पुसलेल्या भागावरून दिसतं. नंतर ग्रीस पुसून टाका, नाहीतर धूळ चिकटून सील खाते.

बंप स्टॉप (शॉक तळाला लागताना धक्का झेलणारा मऊ ठोकळा) नखाने दाबून पाहा. भुगा पडत असेल तर लगेच बदला. सुरुवातीला ठीक आणि अर्ध्या तासात मऊ पडणारा शॉक बहुधा जुनं तेल किंवा शॉकमधला उतरलेला नायट्रोजन (तेलावर दाब ठेवणारा वायू) दाखवतो. त्याचा दाब साधारण १० बार लागतो. टायरवाल्याकडच्या नायट्रोजनने भागत नाही, सिलिंडर आणि रेग्युलेटर असलेला सस्पेन्शनवालाच गाठा.

सध्या सर्वांत उंच बांधावर बंप स्टॉप हलका टेकतो. तेवढं हवंच, ट्रॅव्हल कधीच पूर्ण वापरला जात नसेल तर सेटिंग जास्त कडक आहे. पुढचं काम लिंकेज (शॉकला मागच्या चाकाशी जोडणारे सांधे) उघडण्याचं. पावसाळ्यातल्या चिखलाने त्यातली नीडल बेअरिंग गंजली असतील तर वरचे आकडे फसवे ठरतात. बेअरिंगवरचा नंबर घेऊन मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटला जायचं, आणि नवी बसवल्यावर सॅग पुन्हा मोजायचा.