एमएक्स सगळ्यात शेवटी

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचे ईमेल नुकतेच मायक्रोसॉफ्ट ३६५ वर नेले. कंपनीचं स्वतःचं डोमेन होतं, वेबसाइट होती, होस्टिंगसोबत मिळालेले मेलबॉक्सही होते. पण ते सतत भरायचे, म्हणून कोटेशन आणि इन्व्हॉइस जायचं मालकांच्या जीमेलवरून. जर्मनीतल्या ग्राहकाने शेवटी कळवलं, की बँकेचा तपशील असलेला कागद कंपनीच्या डोमेनवरूनच यायला हवा. मला त्याचं म्हणणं शंभर टक्के पटतं. ‘आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट इथे करा’ असा बनावट मेल पाठवून निर्यातदारांचे पैसे लुबाडले जातात, आणि मिळताजुळता जीमेल पत्ता कुणीही काढू शकतो.

कोल्हापूर परिसरातल्या छोट्या कारखान्यांची अशी कामं मी करते. मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “मॅडम, वेबसाइट बंद पडंल व्हय?” नाही पडत. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, वेबसाइटची नोंद वेगळी आणि मेलची वेगळी. वेबसाइट कुठल्या सर्व्हरवर आहे ते ए रेकॉर्ड सांगतं, मेल कुठे पोचवायचा ते एमएक्स रेकॉर्ड सांगतं. नेमसर्व्हर (ही नोंदवही सांभाळणारे सर्व्हर) तसेच ठेवले आणि ए रेकॉर्डला हात लावला नाही, तर वेबसाइटला कळतही नाही की मेल दुसरीकडे गेला.

माझी पहिली अट मात्र वेगळीच असते: डोमेन कंपनीच्या नावावर, कंपनीच्या खात्यात हवं. इथे ते वेबसाइट करून देणाऱ्याच्या खात्यात होतं आणि पासवर्ड फक्त त्याच्याकडे. तो माणूस वाईट नव्हता, मागितल्यावर त्याने डोमेन नव्या खात्यात सरकवून दिलं. पण कारखान्याच्या जमिनीचा सातबारा गवंड्याच्या नावावर असावा, असलाच हा प्रकार आहे. हे मिटल्याशिवाय मी पुढचं काहीच करत नाही.

मग मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या अ‍ॅडमिन सेंटरमध्ये डोमेन जोडायचं. मालकी पटवण्यासाठी मायक्रोसॉफ्ट एक टीएक्सटी रेकॉर्ड (साध्या मजकुराची नोंद) देतं, सुरुवातीला ‘एमएस’ आणि पुढे आकडे. ते डीएनएसमध्ये टाकलं की पडताळणी होते. याने चालू मेलवर काहीही परिणाम होत नाही, त्यामुळे भर दुपारी केलं तरी चालतं. अडचण येते ती यापुढे. पडताळणी झाल्या झाल्या स्क्रीनवर बाकीच्या रेकॉर्डची यादी येते आणि त्यात एमएक्स सगळ्यात वर असतो. घाईतला माणूस तोच आधी टाकतो. तेव्हा नव्या बाजूला ना माणसांची खाती तयार असतात, ना जुना मेल आलेला असतो. डिस्पॅचचा मेल आला, की पत्ताच अस्तित्वात नाही म्हणून पाठवणाऱ्याकडे परत.

म्हणून मी आधी सगळे पत्ते तयार करते. विक्री, अकाउंट्स, डिस्पॅच यांचे पत्ते शेअर्ड मेलबॉक्स, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायचे मेलबॉक्स, म्हणून काढायचे. त्यांना ५० जीबीपर्यंत वेगळं लायसन्स लागत नाही, आणि माणूस नोकरी सोडून गेला तरी पत्रव्यवहार कंपनीकडेच राहतो. छोट्या कंपन्यांना याचा फार उपयोग होतो, तरी बहुतेकांना ही सोय ठाऊक नसते. मग जुन्या होस्टिंगवरचा मेल आयमॅपने (सर्व्हरवरचा मेल वाचायची पद्धत) ओढायला लावायचा. आयमॅपने फक्त मेल येतो. कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर वेगळे काढून घ्यावे लागतात. हे चालू असताना जुन्या एमएक्सचा टीटीएल, म्हणजे ती नोंद बाकीच्या सर्व्हरनी किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा, ३०० सेकंदांवर आणून ठेवायचा. तो आधी १४४०० असेल, तर चार तास जगभरचे सर्व्हर जुनाच पत्ता लक्षात ठेवून बसतात, म्हणून हा बदल आदल्या दिवशीच केलेला बरा.

आता एमएक्स. शनिवारी संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर. नवा टाकायचा, प्रायॉरिटी शून्य, आणि जुना काढून टाकायचा. ‘असू दे, बॅकअप म्हणून’ असं म्हणून जुना ठेवला, तर काही मेल तिकडे जाऊन पडतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. डीएनएसच्या पॅनलमध्ये होस्टच्या रकान्याकडेही बघायचं. बरीच पॅनल डोमेनचं नाव स्वतःच शेवटी जोडतात. तिथे ऑटोडिस्कव्हरचा (आउटलुकला मेलची सेटिंग सांगणारी नोंद) पूर्ण पत्ता लिहिला, तर डोमेनचं नाव दोनदा लागतं आणि आउटलुक बिचारं सेटिंग शोधत राहतं. नुसतं ‘ऑटोडिस्कव्हर’ लिहायचं.

यानंतर सीपॅनेलमध्ये, म्हणजे जुन्या होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमध्ये, ईमेल राउटिंग नावाची जागा आहे, ती हमखास राहून जाते. वेबसाइट जुन्या सर्व्हरवरच आहे ना? त्या सर्व्हरला अजून वाटतं की या डोमेनचा मेल आपल्याकडेच उतरतो. मग वेबसाइटवरच्या फॉर्ममधून आलेली चौकशी तो बाहेर पाठवतच नाही, स्वतःच्या जुन्या मेलबॉक्समध्ये टाकतो. बाहेरून पाठवलेला प्रत्येक टेस्ट मेल व्यवस्थित पोचतो, फक्त ग्राहकांच्या चौकश्या गायब. तिथे ‘रिमोट’ निवडलं की झालं.

पाठवण्याच्या बाजूचं काम यापुढे. एसपीएफ रेकॉर्ड, म्हणजे या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी, डोमेनला एकच असतो. होस्टिंगवाल्याचा आधीचा असेल तर दुसरा टाकायचा नाही, त्याच ओळीत मायक्रोसॉफ्टचं नाव घालायचं. दोन झाले की तपासणी फसते. त्या ओळीतून होणाऱ्या डीएनएस चौकशाही १० च्या वर जाता कामा नयेत. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. त्याचे दोन सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) टाकून मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडर या सुरक्षेच्या पोर्टलमध्ये ते चालू करायचं. नुसते रेकॉर्ड टाकून सही सुरू होत नाही. या दोन्ही तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते डीमार्क सांगतं. ते आधी ‘नन’ (काही अडवू नका) वर ठेवून रिपोर्ट बघायचे, आपल्याच नावाने कोण कोण मेल पाठवतंय ते दिसतं, आणि मग ‘रिजेक्ट’ (नाकारा) पर्यंत जायचं. गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्या प्रत्येकाकडून निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम मागायला सुरुवात केली, आणि मोठ्या संख्येने (गूगलच्या हिशेबात जीमेलवर रोज ५००० च्या वर) मेल पाठवणाऱ्यांना दोन्हींसोबत डीमार्कही सक्तीचं केलं. फाउंड्री एवढे मेल पाठवत नाही. तरी मी तिन्ही लावते, कारण त्या जर्मन ग्राहकाची भीती खरी आहे.

सोमवारी सकाळी अकाउंट्सच्या ताईंनी माझ्या जीमेलवर एक मेल पाठवला. मी ‘शो ओरिजिनल’ उघडून त्यांना दाखवलं: एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास. त्यांनी त्याचा स्क्रीनशॉट काढून मालकांना पाठवला.

जाण्यापूर्वी त्यांच्याकडून शेवटचं एक करून घेतलं. रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन जिथून घेतलं त्या कंपनीच्या, खात्यावर संपर्काचा ईमेल म्हणून कंपनीचा नवा पत्ता टाकला होता, तो काढून मालकांचा जुना जीमेल टाकला. डोमेनची मुदत संपली तर त्या डोमेनवरचा मेलही बंद होतो, मग पासवर्ड बदलायची लिंक येणार कुठे?