करली? बाबांचं एवढं होऊनसुद्धा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. थोडी वैतागून सांगते, ते समजून घ्या.

आवडता मासा कोणता, हा प्रश्न मला दोन हप्त्यांत येतो. मी मालवणकडची म्हटल्यावर समोरचा आपणच पर्याय देतो, पापलेट की सुरमई? मी म्हणते, करली. ज्यांना करली ठाऊक नाही त्यांचं तिथेच संपतं. ज्यांना आमच्या घरातली हकिगत ठाऊक आहे ते मात्र घास खाली ठेवून दुसरा हप्ता काढतात, "करली? बाबांचं एवढं होऊनसुद्धा?" लग्नात विचारतात, ऑफिसच्या डब्यांभोवती विचारतात, नात्यातल्या बायका तर फोन ठेवता ठेवता विचारतात. आवाजात काळजी असते, पण मधेच एक टोचणी असते, की या बाईला काही वाटत कसं नाही.

पापलेटाशी माझं वैर नाही, हे आधी सांगून टाकते. २०२३ साली सरकारनं त्याला राज्यमासा केलं, करू दे. गोव्यानं तो मान शेवटा नावाच्या माशाला दिला, तिथे निदान खाणाऱ्याला विचारलेलं दिसतं. पापलेट हा पाहुण्यांचा मासा. मधला काटा उचलला की काम झालं, टीव्ही बघत खाता येतो आणि ताटही स्वच्छ राहतं. चव बरीचशी मसाल्याची. इसवणीचं, म्हणजे तुमच्या सुरमईचंही तेच, फक्त तुकडा जाड.

पुण्यात नवीन आले तेव्हा मी एक वाक्य मिरवायचे, "काटे नसलेला मासा म्हणजे पनीर." लोक हसायचे. आता कुणी माझ्यासमोर ते वाक्य म्हटलं तर मला त्याला विचारावंसं वाटतं, की बाबा रे, तुझे दात शाबूत आहेत ना?

तर करली. लांबट, चपटी, चंदेरी, पाठीवर निळसर झाक आणि तोंडात सुळ्यांसारखे दात. कूळ तारलीचं, पण तारली पाण्यातलं बारीकसारीक गाळून जगते आणि ही दुसऱ्या माशांची शिकार करते. काटे मात्र कुळाला शोभतील असे. पापलेटाचे काटे मुख्यतः मधल्या कण्याला धरून असतात. करलीत त्याशिवाय मांसातच सुटे काटे असतात, केसासारखे बारीक, काहींना टोकाशी फाटा. कणा काढला तरी ते जागच्या जागी राहतात.

म्हणून करली कापण्यात निम्मं कसब. आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, तिरके, पातळ तुकडे करायचे. मग प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंनी अगदी जवळजवळ चिरा द्यायच्या, कातडी कापून आत जातील इतक्या खोल, पण तुकडा सुटणार नाही इतक्या बेतानं. सुरी चालते तेव्हा काटे तुटल्याचा बारीक करकर आवाज येतो. तो आला नाही तर चीर फुकट गेली. मग मीठ, हळद, कोकमाचं आगळ, घरचा मसाला. मसाला चिरांमध्ये बोटानं भरायचा. वरून तांदळाचं पीठ, थोडा रवा, आणि तवाभर खोबरेलात मंद आचेवर तळायची. घाई केली तर बाहेरून लाल होते आणि आतले काटे कच्चेच राहतात. नीट तळली तर तुटलेले काटे कुरकुरीत होऊन खाल्ले जातात. राहिलेले तेवढे तोंडात शोधायचे.

बाकी मासे मला आवडत नाहीत असं नाही. तारलीचं तिखलं, मातीच्या भांड्यात, तिरफळं ठेचून घातलेलं आणि दुसऱ्या दिवशीचं. पेडवे हळदीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर. बांगडा चुलीत भाजून वर नुसतं मीठ आणि आगळ. यातलं काहीही ताटात आलं तर मी गप्प जेवते. पण आवडता एक सांगा म्हटलं, तर करली. तिचं मांस गोड असतं, आणि ती खाताना दुसरं काही करता येत नाही.

हे मला बाबांनी शिकवलं. करली भातात कालवायची नाही, भातात काटा हरवतो. घास आधी बोटांनी चाचपायचा, मग जिभेनं टाळूवर दाबायचा, काटा आपण होऊन टोचून सांगतो मी कुठे आहे ते. आणि बोलायचं नाही. आमच्या घरी एरवी जेवताना गजबज असायची, करलीच्या दिवशी मात्र ताटांचे आवाज ऐकू यायचे. बाबांच्या ताटाच्या कडेला जेवण संपताना काट्यांची सरळ ओळ लागलेली असायची. गावात म्हणायचे, करली खावी तर यांनी.

आता ती हकिगत. सगळे ऐकून आहेत, पण अर्धवट.

दिवाळीची सुट्टी होती, मी माहेरी होते. ओळखीच्या होडीवरून ताजी करली आली. कापली वहिनीनं, चिरा दिल्या आणि तळली मी. हे मुद्दाम सांगते, कारण विचारणाऱ्यांच्या मनात ते असतंच. चिरा नीट होत्या. आवाज मी ऐकला होता. यावर कुणी विश्वास ठेवावा असा पुरावा माझ्याकडे नाही आणि कुणाकडे उलटाही नाही.

बाबा नियमाप्रमाणे गप्प जेवत होते. भात अजून वाढलाही नव्हता. मधेच थांबले. पाण्याचा घोट घेतला आणि तो परत ताटात आला. उठून पडवीत गेले, मागोमाग खाकरण्याचा आवाज. दोन-चार मिनिटं कुणी उठलंच नाही. करली खाताना बाबांना काटा लागेल, हे कुणाच्या मनातच येत नव्हतं. मग आत्या भाताचा गोळा घेऊन धावली. "चावू नको, गिळ." त्यांनी गिळला. मग केळं. ते गिळताना त्यांनी डोळे मिटून खांब धरला, तेव्हा मला कळलं की काटा निघाला नाहीये, खाली सरकलाय. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की घशात काटा अडकला तर गोळे आणि केळी भरवू नयेत, काटा आणखी रुततो. प्रत्येक घरात अजून तेच भरवतात. बाकी काही वाचलं नाहीत तरी हे लक्षात ठेवा.

मालवणातल्या डॉक्टरांनी बॅटरीनं, आरशानं घसा बघितला. दिसला नाही. म्हणाले, गोव्याला न्या. दादानं गाडी काढली. कुडाळ, झाराप, महामार्ग, मग पत्रादेवीचा नाका. बाबा मागच्या सीटवर माझ्या शेजारी ताठ बसलेले. मान टेकली की दुखायचं. थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती. हातात स्टीलचा पेला, त्यात थोड्या थोड्या वेळानं लाळ सोडायचे आणि पेल्यावर रुमाल झाकायचे, मला दिसू नये म्हणून. माझ्या पर्समध्ये त्यांची कवळी होती, पेपर नॅपकिनात गुंडाळलेली. वरची, पुरी, काही महिन्यांपूर्वीच बसवलेली. मी बोलत राहिले, काहीबाही, रस्ता किती चांगला झालाय वगैरे. त्यांनी हातानं खूण केली, गप्प.

हॉस्पिटलात एक्स-रे काढला, त्यात काही नाही. माशाचा बारीक काटा एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही, असं म्हणाले. स्कॅनमध्ये दिसला, अन्ननलिकेच्या अगदी वरच्या तोंडाशी, आडवा. सकाळी भूल देऊन दुर्बीण घातली आणि काढला. एका तरुण डॉक्टरनं छोट्या बाटलीत आणून दाखवला. एवढा बारीक, की दादाला आधी बाटली रिकामीच वाटली.

त्याच डॉक्टरनं विचारलं, कवळी वापरतात का? मग समजावून सांगितलं. वरची पुरी कवळी टाळू झाकते. काटा टोचतो ते टाळूला आधी कळतं, इथे टाळूवर प्लास्टिक. कवळीवाल्यांच्या घशात काटे अडकायचं हे ठरलेलं कारण. म्हणजे बोटं तीच, जीभ तीच, नियम सगळे पाळलेले, फक्त ज्याच्यावर दाबून बघायचं ते टाळूच झाकलेलं. बाबांना हे मी सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माका वाटलाच. कवळी घातल्यार काय्येक कळणा नाय."

तिथल्या व्हरांड्यात दादा म्हणाला, आता पुरे, घरात करली येणार नाही. मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. तो पेला माझ्या हातात होता.

लोकांना वाटतं गोष्ट इथे संपली. मला विचाराल तर खरं जड ते पुढचं. घरात मोरी, म्हणजे लहान शार्क, यायला लागली, तिला काटे नसतात. इसवणीचे तुकडे यायला लागले, आणि वहिनी तेही कुस्करून, तपासून वाढायला लागली. तिनं मनापासून केलं, तिला कुणी बोल लावू नये. पण बाबा ते भिंतीकडे बघत जेवायचे, गोळ्या घेतात तसे. ज्या माणसाकडून आम्ही मासा खायला शिकलो त्याला दुसऱ्याच्या बोटांनी निवडलेला मासा मिळत होता.

मग मी शहाणपणा केला. माझी मावसबहीण सिंगापूरला असते. तिनं सांगितलं की तिकडे आणि मलेशियात हाच मासा भरपूर खपतो. मांस चमच्यानं खरवडून घेतात, काटे कातडीशी राहतात, आणि त्या लगद्याचे फिशबॉल करतात. मी पुढच्या खेपेला तसं केलं. चमच्यानं खरवडलं, कांदा-मिरची घालून वडे थापले, तळले. काटा एकही नाही, मी बोटांनी दोनदा तपासलं. बाबांनी एक वडा फोडून बघितला. "मासो खय आसा ह्यात? ह्या पिठला." दुसरा घेतला नाही. मला राग आला. आजही येतो. इतकं करून माणसाला कौतुकाचा एक शब्द सुचू नये?

पण खरं सांगायचं तर वडे मलाही आवडले नव्हते.

गेल्या हिवाळ्यात दादाचा फोन आला, आवाज चढलेला. बाबा शेजारच्या काकींकडे जाऊन करली खातात, पुष्कळ दिवसांपासून, आणि जेवायला बसण्याआधी कवळी काढून खिशात ठेवतात. हिरड्या, जीभ आणि मोकळा टाळू. तळलेली करली मऊ असते, दात नसले तरी चालतं. मी त्यांना फोनवर विचारलं तेव्हा त्यांनी लपवलं नाही. "कवळी काढून खातंय. टाळू माझो मोकळो. काय झाला माका?"

काय झालं? काहीच नाही. अजून तरी. डॉक्टरला हा उपाय विचारायची माझी हिंमत झाली नाही, कारण तो नाही म्हणाला तर मला ते दादाला सांगावं लागेल.

दादाचं म्हणणं खोटं नाही. पुन्हा अडकला तर रात्री गाडी तो काढणार, मी पुण्यात. मी इथे गणेश पेठेतून बर्फातली, कधीमधी मिळणारी करली आणते, दोन्ही जबड्यांतल्या दातांनी खाते आणि तिकडच्या माणसानं काय खावं यावर मत देते. माझ्या मुलीला तर बिनकाट्याचा बासाच लागतो. तिला मी करली शिकवलेली नाही. का नाही शिकवली, हे मला कुणी विचारत नाही, आणि विचारलंत तर नीट सांगताही येणार नाही. त्या रात्रीनंतर तिच्या ताटात काटा दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो.

तर होय, एवढं होऊनसुद्धा करलीच. काटा करलीचा होता हे खरं. पण म्हणून मला ती नावडती व्हावी, असा हिशोब मला जमत नाही. तुम्हाला जमत असेल तर तुमचं बरोबर असेल.

परवा दादानं फोनवर विचारलं, "तू हय आसतंस तर त्यांका दिलं असतंस?"

म्हटलं, दिली असती. कवळी काढायला लावून, समोर बसून.

"मगे ये," म्हणाला.

दिवाळीला जातेय. करली आणायची की नाही यावर वहिनी, दादा आणि मी अजून भांडतोय. बाबांना अजून कुणी विचारलेलं नाही.